कोणता कोर्स करू हे नंतर, आधी बाकीचं बघा: ट्रान्स लोकांसाठी काम शिकायची वाट

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की कुठला कोर्स करू. आणि समोरचा डोळे झाकून सांगतो, ब्युटी पार्लर कर. माझं म्हणणं असंय की कोर्स हा या सगळ्यातला सोपा भाग आहे, फुकटात किंवा थोड्या फीमध्ये शिकवणारे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. अडतं ते कागदांवर, राहायच्या जागेवर, शिकण्याच्या महिन्यांत घर कसं चालणार यावर आणि शिकून झाल्यावर गिऱ्हाईक कुठून येणार यावर.

कागदांत पहिलं ट्रान्सजेंडर ओळखपत्र. २०१९ च्या कायद्याखाली ते जिल्हाधिकारी देतात, अर्ज ट्रान्सजेंडर लोकांसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, हे पोर्टल नोव्हेंबर २०२० पासून आहे. काय काय जोडायचं ते अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरच वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या यादीवर जाऊ नका, नियम मधेच बदलतात. ओळखपत्र हातात आलं की आधार, मग पॅन, मग बँक, हाच क्रम ठेवा. आधारवर लिंग एकदाच बदलून मिळतं, त्यामुळे घाईत काहीतरी टाकून मोकळं व्हायचं नाही. आणि शाळेच्या दाखल्यावर जुनं नाव, आधारवर नवं असं असेल तर राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करून घ्या, तिची प्रिंट पुढे आयटीआयपासून बँकेपर्यंत लागत राहते. हे सगळं कोर्सच्या आधी का, तर सरकारी कोर्सला बऱ्याच ठिकाणी हजेरी आधारवर लागते आणि सर्टिफिकेटवर तेच नाव छापून येतं, मग ज्या नावाने कुणी हाक मारलेली आवडत नाही त्याच नावाचं सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात लावायचं का?

आता पैशाचं. याच्याबद्दल प्रशिक्षणवाले अवाक्षर काढत नाहीत. मंगती, म्हणजे दुकानांत-सिग्नलवर टाळी वाजवून पैसे मागणं, रोजच्या रोज हातात रोख देते, कोर्स देत नाही. तीन महिने रोज दहा ते पाच बसायचं म्हणजे तीन महिने कमाई बंद, आणि खोलीचं भाडं, गुरूचा हिस्सा (गुरू म्हणजे ज्यांच्या घराण्यात आपण चेला म्हणून राहतो त्या), गावी आईला पाठवायचे ते चालूच. मग पंधरा दिवसांत बॅच अर्धवट सोडावी लागते आणि बाहेरचे म्हणतात यांना कष्टच नकोत. तर स्टायपेंडच्या भरवशावर बसू नका, तो मिळाला तरी हजेरी बघून आणि उशिरा खात्यात येतो. आधी निदान एका महिन्याचं भाडं आणि किराणा बाजूला काढा, अर्ध्या दिवसाची बॅच आहे का विचारा, आणि गुरूशी लपवाछपवी न करता बोला की आठवड्यातले अमुक दिवस मी क्लासला आणि अमुक दिवस टोळीबरोबर मंगतीला. बऱ्याच गुरू ऐकतात, काही नाही ऐकत, पण नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. यल्लमा देवीच्या जोगती असाल आणि मंगळवार-शुक्रवार जोगव्याला जावं लागत असेल तर तेही अॅडमिशन घेतानाच सांगून टाका. आणि शक्य असेल तर दोघींनी मिळून नाव घाला. एकटीला पहिल्या आठवड्यातल्या नजरा जास्त लागतात.

राहायचं म्हणाल तर कोचीचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ ट्रान्स लोकांना कामावर घेतलं, सगळ्या देशात बातमी झाली, आणि काहीजणींनी थोड्याच दिवसांत काम सोडलं कारण कुणी भाड्याने खोली देईना. तेव्हा सेंटर असं निवडा की सध्याच्या खोलीवरून रोज जाता येईल. घरातून बाहेर काढलंय अशी वेळ असेल तर केंद्राच्या स्माइल योजनेतली गरिमा गृहं, म्हणजे ट्रान्स लोकांसाठीची निवारा घरं, आहेत, मुंबईतही आहे, तिथे राहणं-जेवण आणि काम शिकायची सोय दोन्ही मिळतं.

शिकायचं कुठे? शाळा लवकर सुटली असेल तर जन शिक्षण संस्था बघा, न शिकलेल्यांसाठी आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीच ती काढलीये. गावाकडे असाल तर आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ती जिल्ह्याची अग्रणी बँक चालवते, शिकवणं-राहणं-जेवण फुकट, कोर्स थोड्या दिवसांचे, आणि चालवणारी बँकच असल्यामुळे पुढे कर्जासाठी ओळख होते. मला स्वतःला हीच सोय सगळ्यात कामाची वाटते. फक्त हॉस्टेलमध्ये कुठल्या खोलीत ठेवणार ते आधी फोन करून ठरवा, बॅग घेऊन दारात उभं राहून नाही. दहावी झालीये आणि वर्ष-दोन वर्षं देऊ शकता तर आयटीआय. ट्रान्स पुरुषांना, म्हणजे जन्माला मुलगी ठरवलेल्या पण पुरुष असलेल्यांना, मी हेच जास्त सांगते, कारण त्यांच्यातले बरेचजण घरीच राहतात, गुरू-चेल्याचा आधार नसतो, आणि वायरमनचा कोर्स तर आठवी पासवर होतो. शहरात ऑफिसचं काम हवं असेल तर एमएस-सीआयटी आणि टॅली, त्यात नवीन काही नाही. स्माइल योजनेतून पीएम-दक्ष या केंद्राच्या कौशल्य योजनेचे कोर्सही मिळतात, तिच्या पोर्टलवर तुमच्या जिल्ह्यात सेंटर आहे का तेवढं बघा.

आणि हो, तीन दिवसांचं शिबिर, हार-तुरे, शिलाई मशीन देतानाचा फोटो, हे प्रशिक्षण नव्हे. मशीन मिळत असेल तर खुशाल घ्या, पण त्यावर ब्लाऊज शिवायला शिकवणार कोण ते विचारा.

कामाची निवड करताना माझा एकच प्रश्न असतो, पहिली दहा गिऱ्हाइकं कोण? पार्लर शिकून दुसऱ्याच्या पार्लरमध्ये नोकरी मागायला गेलात तर मालकीण म्हणणार आमच्या बायका बिचकतील. तेच तुम्ही आपल्याच लोकांचा मेकअप, केस, कार्यक्रमाची तयारी यापासून सुरुवात केली तर गिऱ्हाईक घरात आहे. शिवणकामाचं तर अजून सोपं, रुंद खांद्याला नीट बसणारा ब्लाऊज शिवणारा टेलर शोधून आपल्या बायका दमतात. डबे, पोळीभाजी, केटरिंग चालतं, पण सोसायटीत घुसायला वेळ लागतो, आधी हॉस्टेलची आणि कामगारांची गिऱ्हाइकं धरा. नोकरीच हवी असेल तर तीही वाट आहे, पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये ट्रान्स लोकांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून घेतलं, आणि टाटा स्टीलने झारखंडच्या वेस्ट बोकारोच्या खाणीत अवजड मशिनी चालवायला घेतलं. म्हणजे पार्लरच्या पलीकडे जग आहे.

अॅडमिशनच्या आधी सेंटरला जाऊन स्वतः बघा. टॉयलेट कुठलं वापरायचं, हाक कुठल्या नावाने मारणार, कोर्सनंतर नोकरी देणार म्हणतात तर कुठल्या कंपनीत, मागच्या बॅचमधल्या कुणाचा नंबर देता का. उत्तर द्यायला का-कू केली तर दुसरं सेंटर.

कोर्स झाला की उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करा, फुकट असतं, एजंटला पैसे देऊ नका. आधीपासून शिवणकाम, केस कापणं किंवा हार बनवणं स्वतःचं करत असाल तर पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची केंद्राची योजना बघा, सीएससी म्हणजे ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या केंद्रावरून नोंदणी होते, त्यात ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने. मुद्रा या छोट्या धंद्यांच्या कर्ज योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. बँकेत मॅनेजर टोलवतो, तेव्हा अर्ज नाकारल्याचं कारण लेखी मागा, लेखी म्हटलं की बऱ्याचदा फाइल हलते. नोकरीत ट्रान्स म्हणून नाकारणं कायद्याने बंद आहे आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा असतो, जॉइन होतानाच एचआरकडून त्याचं नाव लिहून घ्या.

भाव ठरवताना मात्र लाजू नका. नवीन आहे म्हणून फुकटात ब्रायडल मेकअप करून द्यायचा नाही, अर्धे पैसे बुकिंगला यूपीआयवर घ्यायचे, म्हणजे खात्यात नोंद राहते आणि पुढच्या कर्जाला तीच नोंद बँकेला दाखवता येते.