लेटेक्स हायब्रिड गादी घेताय? आधी चेन उघडून आत बघा

गादी घ्यायला गेलो की आपण करतो काय, तर हाताने दोनदा दाबतो, कडेवर बसून जरा उसळून बघतो आणि "छान आहे की" म्हणत थेट भावावर येतो. मीही तेच केलं होतं. "लेटेक्स हायब्रिड" असं ठळक लिहिलेली ८ इंची गादी घरी आली, दीड वर्षात माझ्या बाजूला बरोब्बर कमरेखाली खड्डा पडला, आणि एका रविवारी वैतागून मी कव्हरची चेन सोडली. पोराच्या कंपासमधली पट्टी लावून मोजलं तर लेटेक्स १ इंच, त्याखाली पांढरा फोम २ इंच, चिमटीत धरला की पार चपटा होणारा, आणि खाली ५ इंच स्प्रिंगा. गंमत म्हणजे लेटेक्स अगदी ठणठणीत होतं, बसला होता तो मधला पांढरा फोम. म्हणजे नाव ज्याचं घेऊन पैसे लावले त्याची चूकच नव्हती, ते होतंच नावापुरतं.

म्हणून आता कोणी विचारलं की मी सांगतो, गादी डाळ-तांदळासारखी घ्या. नाव वाचून घेऊ नका, आत काय आहे आणि किती किलो आहे ते बघून घ्या.

लेटेक्स हायब्रिड म्हणजे साध्या भाषेत खाली पॉकेट स्प्रिंगा (वेगवेगळ्या कापडी पिशव्यांतल्या) आणि वर लेटेक्स. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्याकडे तो बहुतेक केरळातून येतो, पण सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेलात तरी रबराच्या बागा दिसतील, खोडाला तिरकी खाच आणि खाली चीक गोळा करायला बांधलेली वाटी. हा चीक फेसायचा, साच्यात ओतायचा आणि उष्णता देऊन पक्का करायचा, ही झाली डनलॉप पद्धत, १९२९ सालची. (आपल्याकडे कुठल्याही मऊ गादीला "डनलॉप" म्हणायची सवय आहे ती याच नावाच्या कंपनीमुळे, पण आजी जिला डनलॉप म्हणायची ती बऱ्याचदा साध्या फोमची असायची.) दुसरी टॅलाले पद्धत, त्यात साच्यात व्हॅक्यूम करून आणि गोठवून मग उष्णता देतात, माल जास्त एकसारखा आणि सहसा मऊ निघतो, महागही पडतो. आपल्या दुकानांत बहुतेक डनलॉपच मिळतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त टॅलालेचे पैसे डनलॉपला देऊ नका.

पहिलं काम: थर विचारा, जाडी नको

"८ इंची आहे", "१० इंची आहे" याला काही अर्थ नाही. विचारायचं असं, की वरून खालपर्यंत कुठला थर किती इंच, आणि प्रत्येकाची डेन्सिटी किती, म्हणजे एक घनमीटर माल किती किलोचा. सरळ उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा. माझ्या मते २ इंचांपेक्षा कमी लेटेक्स असेल तर तिला हायब्रिड म्हणून जादा पैसे देऊ नयेत, ३ इंच असेल तर छान. लेटेक्स आणि स्प्रिंग यांच्यामध्ये साधा फोम असतोच बऱ्याचदा, तो असायला हरकत नाही पण पातळ हवा आणि दणकट हवा, ४० च्या आसपास डेन्सिटीचा. २८-३० वाला असेल तर माझ्यासारखं होतं.

शब्दांचे खेळही ओळखा. "लेटेक्स फील", "लेटेक्स इन्फ्युज्ड", "लेटेक्ससारखा फोम" हे सगळं फोमच. "१०० टक्के नॅचरल लेटेक्स" लिहिलं असेल तर ते त्या एका थरापुरतं असतं, पूर्ण गादीबद्दल नाही. आणि नुसतं "लेटेक्स" लिहिलं असेल तर त्यात सिंथेटिक रबर मिसळलेलं असू शकतं, तेही झोपायला वाईट नसतं, पण मग भाव नॅचरलचा कशाला?

दुसरं: चेन

कव्हरला चेन असलेलीच गादी शक्यतो घ्या. दुकानदाराला सांगून डिस्प्लेच्या गादीची चेन उघडा, लाजू नका, कार घेताना बॉनेट उघडतोच ना आपण. खरं लेटेक्स पांढरंशुभ्र नसतं, सायीच्या रंगाचं असतं, आणि त्यात ओळीने भोकं असतात. सेल्समन सांगेल की भोकं हवा खेळायला आहेत, ते खरंय पण अर्धवट, मुळात ती साच्यातल्या खिळ्यांची असतात, आतपर्यंत उष्णता पोचावी म्हणून. हात फिरवला तर सरसर घसरत नाही, जरा धरून ठेवल्यासारखं वाटतं. अंगठा दाबून सोडा, लगेच वर यायला हवं. हळूहळू वर येत असेल तर तो मेमरी फोम. वास रबराचा, किंचित गोडसर येतो, काही दिवसांत जातो, डोळे चुरचुरतील असा रासायनिक वास येत असेल तर मात्र मी तिथून निघतो.

चेन नसेल तर दुकानात कापलेला नमुना असतो तो मागा. पण तो याच मॉडेलचा आहे का हे विचारा, कारण नमुना नेहमी सगळ्यात महागड्या गादीचा ठेवतात असा माझा अनुभव.

तिसरं: वजन

लेटेक्स जड असतं आणि इथे थाप मारणं अवघड जातं. ७८ बाय ७२ इंच गादी म्हणजे साधारण १.९८ बाय १.८३ मीटर. त्यातला १ इंचाचा थर म्हणजे सुमारे ०.०९२ घनमीटर. लेटेक्सची डेन्सिटी घनमीटरला ८० किलो धरली तर त्या एका इंचाचं वजन झालं साडेसात किलोच्या आतबाहेर. तेवढाच साधा फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर जेमतेम ३ किलो. म्हणजे ३ इंच लेटेक्स २२ किलो, ३ इंच फोम ९ किलो, फरक सरळ १३ किलोचा! ७५ बाय ६० ची गादी असेल तर इंचाला ६ किलो धरा. डनलॉप लेटेक्स साधारण ६५ ते ९५ डेन्सिटीत येतं, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण निम्म्यावर नाही येणार.

एक पळवाट आहे, रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून केलेला, तोही बराच जड असतो आणि वजन फुगवतो. स्प्रिंगांचंही वजन असतंच. म्हणून एकट्या वजनावर जाऊ नका, आधी थर विचारा, मग त्या थरांच्या हिशोबाने वजन जुळतं का बघा. जुळलं नाही तर विचारायचं, "बाकीचं कुठे गेलं?"

आता यावरून किंमत. समजा एक गादी ४२,००० ला, त्यात १ इंच लेटेक्स, आणि दुसरी ५५,००० ला, त्यात ३ इंच, बाकी सगळं सारखं. तर १३,००० जास्त देऊन तुम्हाला जवळपास १५ किलो लेटेक्स जास्त मिळतंय, किलोला पावणेनऊशेच्या आसपास. हे स्वस्त की महाग कसं कळणार? त्याच मापाच्या २ इंची लेटेक्स टॉपरचा भाव काढा. टॉपर म्हणजे गादीवर टाकायचा पातळ थर, नुसतं लेटेक्स आणि कव्हर, त्यामुळे तो चालू भाव सांगतो. टॉपर १५-१६ हजाराला असेल तर वरची दुसरी गादी सरळ परवडली. आणि टॉपर कमी भावात मिळत असेल तर साधी चांगली पॉकेट स्प्रिंग गादी आणि वर टॉपर हा जुगाडही वाईट नाही, खराब झालं तर एकच भाग बदलता येतो. एमआरपीवर ५० टक्के सूट हे बघूच नका, एमआरपी त्यासाठीच चढवलेली असते बऱ्याचदा.

स्प्रिंगा

प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असेल ती पॉकेट स्प्रिंग. एकमेकांना तारेने बांधलेल्या असतील ती बोनेल, ती स्वस्त, आणि शेजारचा वळला की आपण हलतो. तारेची जाडी विचारा, १.८ ते २.२ मिलिमीटर साधारण असते. गेज सांगितला तर लक्षात ठेवा, आकडा मोठा म्हणजे तार बारीक. स्प्रिंगांचा आकडा दोन गाद्यांत तुलना करायचा तर माप एकच हवं, नाहीतर किंगचा आकडा क्वीनला ऐकवतात. एक सोपी परीक्षा: स्टीलचा पेला पाण्याने अर्धा भरून गादीवर ठेवा आणि कोणाला तरी दुसऱ्या बाजूला धप्पकन बसवा, पाणी जितकं कमी हलेल तितकं चांगलं. मग कडेवर बसून बुटाची लेस बांधा, घसरल्यासारखं वाटलं तर कड कच्ची आहे. ५ झोन, ७ झोन (म्हणजे खांदा, कंबर अशा भागांसाठी कमी-जास्त कडक पट्टे) यासाठी मी एक रुपया जास्त देणार नाही.

सर्टिफिकेट

ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हे घातक रसायनांची तपासणी झाल्याचं, नॅचरल असल्याचं नाही. लेटेक्स ऑर्गॅनिक असल्याचं ते गोल्स, त्यात ९५ टक्क्यांहून जास्त माल प्रमाणित ऑर्गॅनिक लागतो. गॉट्स हे कापडाचं, म्हणजे कव्हरच्या कापसाचं असेल आणि दाखवतील पूर्ण गादीचं म्हणून. नाव कोणाचं आहे, मुदत संपली का आणि नंबर ऑनलाइन तपासता येतो का, एवढं बघा. घरात कोणाला रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

झोपून बघा, खरंच झोपून

चपला काढा आणि १५ मिनिटं पडा, ज्या कुशीवर रात्री झोपता त्याच कुशीवर. उताणं झोपून कमरेखाली हात सारा. आरपार सहज गेला तर गादी कडक, सरकतच नसेल तर जास्त मऊ, थोडा अडकत गेला तर बरोबर. कुशीवर झोपणाऱ्यांना वरचा थर मऊ लागतो नाहीतर खांदा दुखतो, पालथं झोपणाऱ्यांना आणि वजनदार माणसांना जरा कडक. नवराबायकोच्या वजनात फार फरक असेल तर दोघंही जा, एकाने ठरवून आणलेल्या गादीवरून पुढे दहा वर्षं बोलणी खावी लागतात.

बिल करताना

"१० वर्षं वॉरंटी" म्हणजे काय ते वाचा. खड्डा किती खोल झाला तर मान्य करणार, हे त्यात असतं, १ किंवा दीड इंच. तोही गादीवर कोणी नसताना मोजायचा, कडेपासून कडेपर्यंत दोरी ताणून. माझा खड्डा मोजला तेव्हा भरला पाऊण इंच, रात्री कंबर मोडायला पुरेसा, वॉरंटीला कमी! डाग पडला की वॉरंटी गेली असंही कलम सापडेल, तेव्हा प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून. १०० रात्रींची ट्रायल असेल तर परत नेण्याचा खर्च कोणाचा आणि पैसे परत मिळणार की बदलून गादी, हे विचारून घ्या. आणि लेटेक्स किती इंच, डेन्सिटी किती, नॅचरल की मिक्स, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी सांगणारा सेल्समन पुढच्या वर्षी तिथे नसतो.

घरी आल्यावर

गुंडाळून आलेली असेल तर लगेच उघडा, फुलायला एक-दोन दिवस द्या. आपल्याकडचे स्टोरेजचे बेड म्हणजे खाली सपाट प्लाय, पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशी धरते, कोकणात तर हमखास, सुताराकडून प्लायला चार-सहा भोकं पाडून घ्या. पट्ट्यांचा पलंग असेल तर पट्ट्यांमधलं अंतर ३ इंचांपेक्षा जास्त नको.

आणि उन्हात टाकायची नाही. कापसाच्या गादीला आपण मे महिन्यात गच्चीवर ऊन दाखवायचो, पिंजारी यायचा, ते सगळं तिला मानवायचं. लेटेक्स उन्हाने पिवळं पडतं आणि हळूहळू भुगा सुटायला लागतो. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही, पण नवी गादी आम्हा दोघांनाही उचलत नाही म्हणून वाचली. चादर काढून, खिडकी उघडून, पंखा लावून अर्धा दिवस तशीच ठेवा, महिन्यातून एकदा पुरे.