राजारामपुरीतल्या रूमचं डिपॉझिट असं सोडवलं

कोल्हापुरात राजारामपुरीत एका पोराकडनं रूम घेतलेली, तो स्वतःच भाडेकरू, करारबिरार काय नाही, १०,००० डिपॉझिट दिलं आणि रूम सोडल्यावर गडी रोज "उद्या टाकतो भावा" म्हणून टोलवायला लागला. नशीब, पैसे यूपीआयनं दिलेले. भांडलो नाही, व्हॉट्सॲपवर एवढंच विचारलं, डिपॉझिटमधनं लाईटबिल किती कापणार? त्यानं लिहिलं ६४० कापून बाकी देतो. म्हणजे कबूलच की! स्क्रीनशॉट काढला आणि ८ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानं पत्र टाकलं, त्यात हेही लिहिलं की १९९९ च्या भाडे कायद्यात पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी लागते, ती होती का मालकांनाच विचारतो. ही ओळ लय लागली बहुतेक. सहाव्या दिवशी ९,३६० जमा.