डिमेन्शियाच्या मजल्यावर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

मी पुण्यातल्या एका वृद्धनिवासात, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मजल्यावर काळजीवाहक आहे. नव्या मुली पहिल्याच दिवशी विचारतात, "कुठल्या दाराला कुलूप लावायचं?" कुलूप हवंच, पण त्याआधी कळायला हवं की आजी-आजोबा निघालेत कुठे.

निघण्यामागे बहुतेकदा कारण असतं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई सकाळी दहाला पर्स शोधतात. कुणाला तिन्हीसांजेला घरी जायचंच असतं, कारण त्यांच्या मनात मुलं अजून लहान आहेत. म्हणून घरच्यांकडून औषधांइतकाच जुना दिनक्रमही विचारून घ्या. कधी लघवी लागलेली असते, पोट साफ नसतं, काही दुखत असतं आणि सांगता येत नाही. एरवी शांत असणारं माणूस अचानक येरझाऱ्या घालू लागलं, तर लघवीचं इन्फेक्शन तर नाही ना, हे मी आधी सिस्टरना बघायला सांगते.

संध्याकाळी बेचैनी वाढते. नेमकी तीच आमची ड्युटी बदलायची आणि नातेवाइकांची भेटायची वेळ. फाटक सारखं उघडतं. हँडओव्हर चालू असताना एकीने तरी दाराशी थांबावं.

"हेच तुमचं घर" असा वाद घालू नका. "चला, मीही येते" म्हणा, अंगणात फेरी मारा, मुलांची नावं विचारा, मग चहा. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धनिवासाबाहेर, घरी जायला निघालेली माणसं तिथेच बसून राहावीत म्हणून, बस कधीच न येणारा थांबा उभारला होता. मला त्यातली फसवणूक खटकते. पण बसायला बाक आणि शेजारी माणूस, एवढं मी त्यातून घेतलं.

बांधून ठेवणं किंवा झोपेची गोळी वाढवून मागणं मात्र मुळीच नाही. गोळीच्या गुंगीत माणूस पडतं, आणि बांधणं हा त्याचा अपमान आहे. त्यापेक्षा दाराला भिंतीचा रंग द्या, उघडताच वाजणारी घंटी बसवा, बाहेरच्या चपला नजरेआड ठेवा. किल्ली ड्युटीवरच्या माणसाच्या अंगावरच हवी. आग लागली तर शोधायला वेळ नसतो. घरच्यांच्या परवानगीने रोज अंघोळीनंतर फोटो काढा, म्हणजे आजचे कपडे सांगता येतात.

कुणी दिसलं नाही तर लगेच आवाज द्या. संडास, जिना, गच्ची, पाण्याची टाकी बघतानाच दुसरीने रस्ता गाठावा. सापडले नाहीत तर 112 ला फोन करा, वाट बघू नका. परत आल्यावर रागावू नका. पाणी द्या, तळपाय तपासा, आणि किती वाजता, कुठल्या दाराने, काय बोलत निघाले ते रजिस्टरमध्ये लिहा. पुढच्या ड्युटीवालीला ते लागेल.