रेडिएशनच्या टेबलावर हलू नये म्हणून या चुका टाळा

शेक, म्हणजे रेडिएशन, घेताना पेशंट मुद्दाम हलत नाही. कुठेतरी रुतत असतं, ठसका दाटून येतो, आणि ते आधी कुणाला सांगितलेलं नसतं. सोलापुरात तंबाखू-माव्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट पुष्कळ, म्हणून आधी डोकं हलू नये यासाठी चेहऱ्यावर बसवतात त्या मास्कबद्दल.

मास्कच्या मापाच्या दिवशी दाढी वाढवून जाऊ नका. प्लास्टिकची जाळी साधारण 70 अंशांच्या पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात आणि ती काही मिनिटांत कडक होते. दाढीवर बसलेला साचा दाढी केल्यावर सैल पडतो. बायकांनी अंबाडा, पिना नकोत. कवळी ठेवायची की काढायची हे तेव्हाच विचारा, मग रोज तसंच. मान किंवा खांदा दुखत असेल तर "चालतंय की" म्हणू नका. पुढे बहुधा 30 ते 35 वेळा त्याच स्थितीत निजायचं आहे.

दोन-तीन आठवड्यांत तोंड सोलवटतं, जेवण जात नाही, गाल बसतात आणि मास्क ढिला होतो. अशा वेळी आत रुमाल कोंबण्याचा घरगुती उपाय अजिबात नको. टेक्निशियनला सांगा. गरज पडली तर पुन्हा सीटी स्कॅन करून नवा मास्क बनवतात. एखादा दिवस जाईल, जाऊ द्या.

मुठी आवळून, श्वास रोखून ताठ पडणंही चुकीचंच. ताठलेलं अंग थोड्या वेळाने सैलावतं आणि जागा बदलते. संथ श्वास घ्या. छातीच्या काही उपचारांत श्वास धरायला लावतात, पण ते सांगितलं तरच.

मे महिन्यात पारा 40 च्या वर, घामाने शेकाची जागा दाखवणाऱ्या अंगावरच्या खुणा पुसतात. त्या घरी पेनाने गिरवू नका.

गर्भाशयमुख किंवा प्रोस्टेटच्या पेशंटला बरेचदा लघवीची पिशवी भरलेली हवी असते. म्हणून अक्कलकोटहून एसटीत बसतानाच बाटली संपवली, तर नंबर येईपर्यंत पाय चाळवणारच. पाणी कधी, किती, ते तिथे विचारून प्या.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजी असोत की कन्नड बोलणारे मामा, सूचना त्यांच्या भाषेत दार बंद होण्याआधी सांगा. एक सूचना तर पाठच करून घ्या: त्रास झाला तर मान न हलवता हात वर करायचा. बाहेर कॅमेऱ्यात दिसतं, मशीन थांबवतात आणि राहिलेला शेक नंतर देतात.