सायक्लिक एएमपी: उत्तरपत्रिकेत आणि प्रयोगात या चुका टाळा

सायक्लिक एएमपीवर, म्हणजे हार्मोनचा संदेश पेशीच्या आत पोचवणाऱ्या छोट्या रेणूवर, प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच साखळी उतरते: अ‍ॅड्रेनलिन, रिसेप्टर, जी-प्रथिन, अ‍ॅडेनिलिल सायक्लेज (सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम), सायक्लिक एएमपी, प्रोटीन कायनेज ए (प्रथिनांना फॉस्फेट लावणारं एन्झाइम) आणि शेवटी ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं, विघटन. साखळी चुकीची नाही. अर्ल सदरलँड यांनी यकृतातल्या ग्लायकोजेनचाच माग काढत हा रेणू शोधला आणि 1971 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण यकृतातली ही गोष्ट सरसकट प्रत्येक पेशीला चिकटवली की गडबड सुरू होते.

'वाढलं म्हणजे पेशी कामाला लागली'

हृदयाच्या स्नायूत सायक्लिक एएमपी वाढलं की आकुंचन जोरदार होतं, कारण प्रोटीन कायनेज ए कॅल्शियमच्या वाहिन्यांना फॉस्फेट लावतं आणि पेशीत जास्त कॅल्शियम येतं. श्वासनलिकेच्या मऊ स्नायूत तेच सायक्लिक एएमपी वाढलं की स्नायू सैलावतो. दम्यात सालब्युटामॉल देतात ते यासाठीच. रेणू तोच, कायनेजही तेच, परिणाम मात्र उलटे. म्हणून 'सायक्लिक एएमपीचं कार्य काय?' या प्रश्नाला पेशीचं नाव घेतल्याशिवाय उत्तर देऊ नका. आणखी एक जुनी चूक म्हणजे ग्लुकॅगॉनमुळे हाडांच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन फुटतं असं लिहिणं. त्या स्नायूंत ग्लुकॅगॉनचे रिसेप्टरच नसतात, तिथे काम अ‍ॅड्रेनलिनचं.

बनणं लिहिलं, मोडणं विसरलं

संदेश थांबतो कसा, असं विचारलं की 'हार्मोन निघून जातं' एवढंच लिहून विद्यार्थी मोकळे होतात. हार्मोन गेलं तरी जी-प्रथिनाला त्याच्याकडचा जीटीपी (त्याला चालू ठेवणारा रेणू) फोडावा लागतो, फॉस्फोडायएस्टरेजला सायक्लिक एएमपीचं साध्या एएमपीत रूपांतर करावं लागतं आणि कायनेजने लावलेले फॉस्फेट फॉस्फटेजांना काढावे लागतात. टाकीतली पातळी जशी नळाइतकीच खालच्या भोकावरही ठरते, तसंच हे. चरबीच्या पेशीत इन्सुलिन सायक्लिक एएमपी कमी करतं ते मुख्यतः फॉस्फोडायएस्टरेजचा वेग वाढवून.

इथे कॅफिनचं उदाहरण हमखास येतं: कॅफिन फॉस्फोडायएस्टरेज अडवतं, म्हणून तरतरी येते. परीक्षानळीत ते अडवतं हे खरं, पण त्यासाठी मात्रा बरीच मोठी लागते. पेयातून मिळणाऱ्या मात्रेत ते मुख्यतः पेंग आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं. हे उदाहरण अजून किती वर्षं असंच उतरवलं जाणार, कोण जाणे.

कॉलरा आणि डांग्या खोकला यांच्या विषांचीही अशीच सरमिसळ होते. दोन्ही विषांमुळे सायक्लिक एएमपी वाढू शकतं, पण वाटा वेगळ्या. कॉलऱ्याचं विष उत्तेजक जी-प्रथिनाला जीटीपी फोडू देत नाही, त्यामुळे ते चालूच राहतं. डांग्या खोकल्याचं विष प्रतिबंधक (सायक्लिक एएमपी बनणं रोखणाऱ्या) जी-प्रथिनाची रिसेप्टरशी गाठच पडू देत नाही, म्हणजे तिथे लगाम सुटतो.

एकूण आकड्यावर विसंबणं

हृदयाच्या पेशींना आयसोप्रोटेरेनॉल (अॅड्रेनलिनसारखं औषध) द्या किंवा प्रोस्टाग्लँडिन ई-1, एकूण सायक्लिक एएमपी दोन्हींनी वाढतं. पण आकुंचनाचा जोर आणि ग्लायकोजेन फोडणारं फॉस्फोरायलेज वाढतं ते फक्त पहिल्याने. कारण सायक्लिक एएमपी पेशीभर सारखं पसरत नाही. अँकर प्रथिनं कायनेजला ठरावीक जागी बांधून ठेवतात आणि आजूबाजूचे फॉस्फोडायएस्टरेज त्या जागेला जणू कुंपण घालतात. म्हणून पेशी फोडून मोजलेला आकडा नेमक्या कोणत्या कोपऱ्यातला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

प्रयोगात हमखास फसवणारी जागा

प्रतिबंधक जी-प्रथिनाशी जोडलेल्या रिसेप्टरवर औषध तपासायचं असतं. पेशींत औषध टाकलं, सायक्लिक एएमपी मोजलं, कंट्रोलइतकंच आलं. निष्कर्ष निघतो: औषध निकामी. पण उत्तेजन न दिलेल्या पेशीत सायक्लिक एएमपी मुळातच कमी असतं, तिथे आणखी कमी काय होणार? आधी फॉरस्कोलिनने अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चालू करायचं आणि मग औषधाने पातळी किती उतरते ते बघायचं. फॉरस्कोलिनही भरमसाट नको. कमाल परिणामाच्या मात्रेवर औषधाचा क्षीण परिणाम झाकला जातो. फॉरस्कोलिनची मात्रा आणि परिणाम यांचा आलेख आधी काढा आणि कमाल परिणामाच्या खालची, चढावरची मात्रा घ्या.

संकेत क्षीण मिळत असतील तर आयबीएमएक्ससारखा फॉस्फोडायएस्टरेज रोधक टाकला होता का, ते तपासा. नसेल तर तयार झालेलं सायक्लिक एएमपी पेशी फोडेपर्यंत मोडून जातं. मात्र तो टाकल्यावर मिळतो तो साचलेला आकडा, पेशीतली नैसर्गिक पातळी नव्हे. अहवालात हा फरक स्पष्ट लिहा.

सायक्लिक एएमपी विद्युतभारित असल्यामुळे पेशीपटल सहज ओलांडत नाही, म्हणून बाहेरून द्यायचं तर त्याची बदललेली रूपं वापरतात. त्यांतल्या डायब्युटिरिल रूपातून पेशीत ब्युटिरेट सुटतं आणि ब्युटिरेट स्वतःच हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखून जनुकांचं काम बदलतं. जनुकांवरचा परिणाम बघत असाल तर नुसत्या सोडियम ब्युटिरेटचा कंट्रोल हवाच.

शेवटी एच-89. हा रोधक वापरून परिणाम थांबला की 'प्रोटीन कायनेज ए सिद्ध' असं लिहून टाकतात. तो रो-कायनेजसह आणखी काही कायनेजांनाही अडवतो. उलट, एच-89 देऊनही परिणाम कायम राहिला तर सायक्लिक एएमपीचा संबंध नाही असंही म्हणता येत नाही. 1998 मध्ये सापडलेलं ईपॅक नावाचं प्रथिन आणि हृदयाची लय ठरवणाऱ्या एचसीएन वाहिन्या थेट सायक्लिक एएमपीला प्रतिसाद देतात, मध्ये कायनेज लागत नाही.