वारा पाठीशी आहे म्हणून फसू नका: डाउनविंड सप (स्टँड-अप पॅडलबोर्डिंग) करताना या चुका टाळा

मे महिना, संध्याकाळचे साडेसहा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमधून आम्ही दोघं बोर्ड डोक्यावर घेऊन काठ चढून वर आलो. दुपारी आम्हीच लावून ठेवलेली दुसरी गाडी पळसाखाली उभी होती. मित्राने खिसे चाचपले. मी ड्राय बॅग उलटी केली. तिच्यातून पाण्याची रिकामी बाटली, संत्रा बर्फीचे दोन तुकडे आणि आईने ऊन लागू नये म्हणून कोंबलेला कांदा निघाला. चावी निघाली नाही. ती पहिल्या गाडीच्या डॅशबोर्डवर होती, सहा किलोमीटर मागे. ज्या वाऱ्याने आम्हाला इथवर आणलं तो अजून तसाच वाहत होता, फक्त आता परतायचं तर तोंडावर.

निघताना एका डोंगेवाल्या काकांनी विचारलं होतं, "जाऊन तं राह्यले भाऊ, पण वापस कसे येसान?" आम्ही हसून हात हलवला होता.

डाउनविंड म्हणजे पॅडलबोर्डवर उभं राहून वारा पाठीवर घ्यायचा आणि त्याने उठवलेल्या लाटांवर घसरत पुढे जायचं. तीन वर्षं आम्ही चार-पाच जण नागपूरच्या आसपास हे करतोय. नवीन माणूस आला की पडण्याला घाबरतो. पडणं ही या खेळातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. महागात पडतं ते बहुतेक काठावरच ठरून गेलेलं असतं, पाय ओला होण्याआधी.

आधी शेवटचा काठ

साध्या पॅडलिंगला जिथून निघालो तिथेच परत यायचं असतं. इथे तसं नाही. म्हणून आधी पाण्यातून बाहेर पडायची जागा बघायची, मग निघायची. तिथे गाडी जाते का, चिखल किती खोल आहे, काठावर बेशरमाची दाटी आहे की मोकळी जागा, हे पायाने चालून बघा. नकाशावरचा निळा-हिरवा रंग जानेवारीतला असू शकतो आणि तुम्ही मेमध्ये जाता, तेव्हा पाणी काठापासून बरंच आत गेलेलं असतं. मध्ये एखादी जागा हेरून ठेवा, दम संपला तर तिथे लागता येईल अशी. जलाशयात उतरायला परवानगी लागते का याची चौकशी आदल्या दिवशीच करा. आणि चावी गळ्यात. खिशात नाही, बॅगेत नाही, गळ्यात.

यूट्यूबवरची नदी आपली नदी नाही

डाउनविंडचे व्हिडिओ बघून आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात अमेरिकेतली कोलंबिया नदी असते. ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या मधून ती पश्चिमेला समुद्राकडे जाते आणि उन्हाळ्यात तिच्या घळीत वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे थेट प्रवाहाच्या विरुद्ध. वारा आणि पाणी समोरासमोर भिडले की लाट आखूड, उभी आणि जोरकस होते. व्हिएंटोपासून हूड रिव्हर गावापर्यंतचा साधारण १३ किलोमीटरचा टप्पा त्यामुळेच या खेळात गाजलेला आहे. तिथे प्रवाह तुम्हाला हळूहळू मागे नेत असतो आणि वारा पुढे, ही एक छुपी सोयसुद्धा आहे.

आपल्याकडे गणित उलटं बसतं. कन्हान आग्नेयेकडे वाहते आणि उन्हाळ्यातला आपला वारा पश्चिमेचा किंवा वायव्येचा. दोघं एकाच दिशेने निघाले की लाट लांबते आणि बसते. तसंही मेमध्ये कन्हानला पाण्यापेक्षा रेती जास्त. वैनगंगा भंडाऱ्याकडून दक्षिणेला येते, म्हणजे तोच वारा तिच्यावर आडवा. आंभोऱ्याला संगमावर उभं राहून बघा: पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. "नदीच्या दिशेने जाऊ" असं ठरवून निघालेला माणूस पाऊण तासाने डाव्या काठाच्या झुडपात अडकलेला असतो. मार्ग नदीच्या वळणावर आखू नका, वाऱ्याच्या रेषेवर आखा. म्हणूनच आम्ही वाहत्या पात्रापेक्षा गोसीखुर्दचं रुंद बॅकवॉटर किंवा रामटेकजवळचा खिंडसी पसंत करतो.

पावसाळ्यात मात्र वाहत्या नदीचं नावच काढू नका. कन्हान आणि पेंच छिंदवाड्याकडून येतात, वैनगंगा सिवनीतून. नागपुरात आभाळ कोरडं असताना वर मध्य प्रदेशात कोसळलेला पाऊस इथे पोचतो. ऑगस्ट २०२० चा वैनगंगेचा पूर भंडाऱ्याने भोगलेला आहे. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत, ते उघडले की ज्याला आपण तलाव म्हणत होतो त्याची पुन्हा नदी होते. धरणाच्या भिंतीच्या दिशेने तर कुठल्याच मोसमात टप्पा आखू नका.

काठावरचं पाणी खोटं बोलतं

ही चूक हुशार माणसंही करतात. डाउनविंडला आपण निघतो तो काठ वाऱ्याच्या बाजूचा असतो. झाडं आणि बांध वारा अडवतात, पाण्याला लाट उठवायला अजून जागाच मिळालेली नसते. समोर आरसा. माणूस म्हणतो, आज काही खास नाही, आणि लाइफ जॅकेट गाडीत ठेवून निघतो. लाट किती मोठी होईल ते वारा मोकळ्या पाण्यावरून किती अंतर धावला यावर ठरतं. त्यामुळे पाचशे मीटरवर चित्र बदलतं, दीड किलोमीटरवर फार बदलतं, आणि तिथून मागे फिरणं म्हणजे वाऱ्यात तोंड घालणं.

अॅपमधला आकडा वाचताना एकक बघा. १५ नॉट म्हणजे ताशी जवळपास २८ किलोमीटर. आमच्यातल्या एकाने "आज २५ आहे, छान आहे" असं किलोमीटर समजून सांगितलं होतं, ते नॉट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. उभा माणूस म्हणजे शीडच. सरासरीच्या शेजारी झोताचा आकडा असतो, निर्णय त्यावर घ्या. पहिल्या काही वेळा झोतासकट ताशी २० किलोमीटरच्या आत राहा.

सतत वल्हवू नका

आता पाण्यातली गोष्ट, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. नवशिका वाऱ्याकडे पाठ करतो आणि रहाटासारखा वल्हवत सुटतो. दहा मिनिटांत खांदे भरून येतात आणि लाटा खालून निघून जातात. मग तो म्हणतो, लाट धरतच नाही.

हिशेब असा आहे. एका शिखरानंतर दोन सेकंदांनी दुसरं शिखर येत असेल तर ती लाट ताशी ११ किलोमीटरने धावते आहे. साधं वल्हवून तुमचा बोर्ड सहा-सात करतो. मधला फरक तुम्हाला सतत नाही, काही क्षणांपुरताच भरून काढायचा आहे. तो क्षण पायाला कळतो: मागचा भाग उचलला जातो, नाक खाली झुकतं. तेव्हा तीन-चार आखूड, झटपट, जोरदार वल्ही. बोर्ड घसरायला लागला की हात थांबवा. पॅडल पाण्यावर टेकवून तोल सांभाळा आणि पुढे बघा. पुढच्या दोन लाटांच्या मध्ये खळगा कुठे दिसतोय तिकडे नाक वळवा. सरळ जायचा हट्ट धरला की तुम्ही पुढच्या लाटेच्या पाठीवर चढायला लागता, नाक आभाळाकडे जातं आणि तिथे घातलेलं प्रत्येक वल्हं म्हणजे घाटात पहिल्या गिअरची गाडी. नाक वर असताना श्वास घ्या. लाट खालून गेली तर जाऊ द्या, मागे दुसरी आहेच.

नाक पाण्यात घुसून तुम्ही पुढे फेकले जात असाल तर दोन गोष्टी बघा. एक, पाय. घसरताना अर्धा फूट मागे सरकावं लागतं, एक पाय पुढे एक मागे असा. दोन्ही पाय शेजारी रोवून उभं राहणं सपाट पाण्यावर चालतं, इथे नाही. दुसरं, बोर्डाची लांबी. दोन सेकंदांच्या लाटेत शिखरापासून शिखर फक्त सहा मीटरवर असतं, आणि १४ फुटी बोर्ड सव्वाचार मीटरचा. समुद्रासाठी बनलेला हा लांब बोर्ड आपल्या छोट्या तलावात दोन लाटांच्या मध्ये नीट मावतच नाही. तिरकं घसरा, किंवा मित्राचा आखूड बोर्ड मागून बघा.

बोर्ड सारखा आडवा होत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही फार पुढे उभे असता आणि मागचं फिन, म्हणजे बोर्डाखालचा माशाच्या परासारखा तुकडा, पाण्याबाहेर निघतं. कधी फिन बसवायलाच विसरलेलं असतं. हसू नका, झालेलं आहे. पॅडलचं पातं उलटं धरणारेही दर वेळी एक-दोन निघतात. पात्याचा कल पुढे, बोर्डाच्या नाकाकडे असायला हवा. पॅडलची उंची सपाट पाण्यापेक्षा थोडी कमी करा, डोक्याच्या वर १०-१५ सेंटीमीटर पुरे.

लीश: न बांधणं चूक, आणि घोट्याला बांधणंही

पहिलं आधी. वाऱ्यात तुम्ही पडलात की मोकळा बोर्ड क्षणभर थांबत नाही. तुम्ही कितीही चांगले पोहणारे असा, वाऱ्याने पळणारा बोर्ड गाठता येत नाही. म्हणून लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डाशी बांधून ठेवणारी दोरी, हवीच.

पण ती कुठे बांधायची हे मला बाभळीने शिकवलं. धरणाच्या पाण्याखाली शेतं, बांध आणि उभी झाडं गेलेली आहेत. जानेवारीत दोन मीटर खाली असलेली फांदी मेमध्ये वीतभर खाली येते. मी पडलो, घोट्याची लीश अशाच एका वाळक्या बाभळीला गुंडाळली गेली. बोर्ड पलीकडे वाऱ्याने ओढला जात होता, दोरी ताणलेली, पाय वर आणि डोकं लाटेच्या उंचीला. घोट्यापर्यंत हात न्यायला कमरेत वाकावं लागतं, आणि वाकलं की तोंड पाण्याखाली. दोनदा प्रयत्न केला, दोनदा पाणी प्यायलो. लाइफ जॅकेट होतं म्हणून तिसरी संधी मिळाली. मित्राने बोर्ड माझ्याकडे ढकलला, दोरी सैल झाली, पाय सुटला. तिथे प्रवाह नव्हता, पण वाऱ्याने ओढलेला बोर्ड प्रवाहाचंच काम करतो.

तेव्हापासून कमरेला झटक्यात सुटणारा पट्टा. त्याची मूठ पोटासमोर हवी, पाठीमागे सरकलेली नको. डाव्या हातानेही सुटतो का हे काठावर दहा वेळा ओढून बघा. लीश गुंडाळीची घ्या, सरळ लांब दोरी पाण्यात लोंबते आणि सगळीकडे अडकते. ढिवर बांधवांची जाळी पसरलेली असतात, त्यांचे तरंगणारे डबे किंवा बाटल्या दिसल्या की लांबून वळसा घाला. जाळं फाटलं तर त्यांचा दिवस बुडतो. सकाळी त्यांना भेटून आज जाळी कुठे आहेत हे विचारलं तर झाडं कुठे आहेत तेही ते सांगतात.

पडल्यावर बोर्डाच्या वाऱ्याकडच्या बाजूला राहा. पलीकडे गेलात तर बोर्ड तुमच्या तोंडावर येतो. आधी बोर्ड, मग पॅडल. वारा झेपेना झाला तर गुडघ्यावर बसा, तरी नाही तर पोटावर झोपा. त्यात कमीपणा काही नाही.

ऊन आणि वावधन

आपली अडचण अशी की वारा उठतो तेव्हाच ऊन मारतं. सकाळी पाणी गार आणि निवांत, वारा नाही. दुपारी वारा मस्त आणि पारा ४४. म्हणून साडेचारनंतर निघायचं म्हटलं तर तीच वेळ वावधनाची. पश्चिमेला ढग काळा होतो, चालू वारा एकदम पडतो, सगळं थांबल्यासारखं वाटतं, आणि मग ढगाच्या बाजूने धुळीसकट गार झोत येतो. वारा पडला की नवखा माणूस "आता शांत झालं" म्हणून मध्येच बसून राहतो. तो क्षण जवळचा काठ गाठायचा आहे, कुठलाही काठ, गाडी तिथे असो नसो. विजेसाठी दामिनी अॅप बघा, गडगडाट ऐकू आला तर पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. उंच तुम्हीच असता तिथे, हातात कार्बनची काठी घेऊन.

तोंडाला दुपट्टा बांधायची आपली सवय स्कूटीवर ठीक आहे. पाण्यात तो ओला होऊन नाकातोंडावर चिकटतो. हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली टोपी आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. पाणी माणशी दोन लिटर, बोर्डाला बांधलेलं.

बोर्ड मऊ पडला?

हवेचे बोर्ड घेणारे विचारतात, भरला तेव्हा कडक होता, पाण्यात गेल्यावर मधोमध वाकायला लागला, गळतोय का? बहुतेक वेळा गळत नसतो. ४२ अंशांच्या हवेत १५ पीएसआय (हे दाबाचं एकक) भरला आणि २८ अंशांच्या पाण्यावर ठेवला की आतली हवा गार होऊन दाब सव्वा पीएसआयच्या आसपास उतरतो. वाकलेला बोर्ड लाट धरत नाही. दहा मिनिटं पाण्यात ठेवून, गार झाल्यावर परत पंप लावा. उलटही तितकंच खरं. पाण्यातून काढलेला भरलेला बोर्ड बंद गाडीत किंवा टपावर उन्हात ठेवला तर तोच दाब १८ च्या वर जातो आणि शिवण सुटू शकते. चहा प्यायला थांबण्याआधी व्हॉल्व्ह उघडून थोडी हवा सोडा. वेलतूरच्या टपरीवर चहा यायला पाच मिनिटं लागतात, पण गप्पा अर्धा तास चालतात.