उत्तरेची खिडकी आणि सकाळचे तीन तास

चित्रकलेचा डिप्लोमा झाला की पहिली धावपळ सुरू होते ती स्टुडिओच्या जागेसाठी. मीही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याचा पोटमाळा भाड्याने घेतला. बारा फुटांची सलग भिंत बघूनच मी हरखून गेलो होतो. पण पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी उभं राहवेना, आणि भाडं भरायला दिवसभर डिझाइनची कामं. चित्र रात्रीवर गेलं. पिवळ्या बल्बखाली जुळवलेला राखाडी सकाळी चक्क निळा दिसायचा. आठ महिन्यांत धड दोन कॅनव्हास झाले नाहीत.

आता कळव्याला घरातच दहा बाय आठची खोली आहे. खिडकी उत्तरेला. या उजेडात सावल्या फारशा हलत नाहीत, म्हणून चित्रकार उत्तर मागतात. मात्र आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्याच्याही उत्तरेला सरकतो. तेवढे दिवस मी खिडकीला पांढरं मांजरपाट लावतो. रात्री काम करणारच असाल तर निदान पाच हजार केल्विनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) नव्वदच्या वर असलेला दिवा घ्या. तो महाग पडतो, पण रंग वाया जाण्यापेक्षा स्वस्त.

जागेपेक्षा वेळ धरून ठेवणं अवघड. माझे सात ते दहा ठरलेले. रात्री कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवतो. सकाळी तो आपल्याकडे वळवायचा, पाच-सहा फूट मागे स्टूल टाकून बसायचं, ब्रश हातात घ्यायचा नाही. आदल्या दिवशी ज्या भागावर खूश होतो, नेमका तोच खटकतो. मुंबईत वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा स्टुडिओ होता. ते बराच वेळ नुसते बसून असत आणि वर्षाला मोजकीच चित्रं करत. शिकत असताना ते बसणं मला कळलं नव्हतं. आज माझ्या तीन तासांतला अर्धा तास तरी बसण्यात जातो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

उठताना उद्याच्या दोन छटा मिसळून, वर प्लास्टिक ताणून ठेवतो. सकाळी कोऱ्या पॅलेटसमोर उभं राहावं लागत नाही.

पावसाळ्याचं मात्र नीट ऐका. पहिल्याच जुलैत माझ्या एका कॅनव्हासच्या मागे काळ्या ठिपक्यांची बुरशी धरली, कारण तो ओल्या भिंतीला टेकलेला होता. तेव्हापासून मागे दोन इंचांच्या लाकडी पट्ट्या ठेवतो. जलरंगाचा कागद ओल खातो, त्यावरचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा खळीचा थर) जातं आणि रंग ठिपक्या-ठिपक्यांनी पसरतो. म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत.

तैलरंगाची चिंधी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं; चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता अडकून आपोआप पेट घेऊ शकते. घरातल्या स्टुडिओत शेजारी आई झोपलेली असते. मी चिंध्या पाण्यात भिजवून, पसरून गॅलरीत वाळवतो. तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन काढल्यावर खिडकी उघडीच, पाऊस आत आला तरी.

शेवटची पंधरा मिनिटं ब्रशची. आधी फडक्याने रंग पुसायचा, मग तळहातावर साबण घेऊन ब्रश गोल फिरवायचा, फेस पांढरा येईपर्यंत. केस मुठीला मिळतात तिथे रंग राहिला तर केस फाकतात. मग बोटांनी टोक जुळवून ब्रश आडवे ठेवायचे, आणि दहा वाजून वीसची लोकल पकडायची.